चीनच्या बादशहाला घड्याळाचं वेड लागलं, पण त्या गोष्टीतला गोव्याचा कारागीर कुणाला माहितीच नाही

सोशल मीडियावर अधूनमधून एक व्हिडिओ फिरत असतो. सोनेरी रंगाचं, चार मजली बंगल्यासारखं दिसणारं एक घड्याळ. खालच्या मजल्यावर गुडघा टेकून बसलेला एक युरोपियन बाहुला. यंत्र सुरू केलं की त्याच्या हातातला ब्रश हलायला लागतो आणि समोरच्या कागदावर एकामागून एक आठ चिनी अक्षरं उमटतात. लिहिताना बाहुल्याची मानही हलते.

यात बॅटरी नाही, चिप नाही, मोटार नाही. आहे ती फक्त चावी, कमान आणि दातेरी चाकं. वय सुमारे अडीचशे वर्षं.

हे घड्याळ आज बीजिंगच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. त्यावर नाव आहे लंडनचा घड्याळजी टिमोथी विल्यमसन याचं. बाहुला जे लिहितो त्याचा अर्थ साधारण असा, की आठही दिशांचे लोक चीनकडे वळतात आणि सगळे देश बादशहाला मानवंदना द्यायला येतात. थोडक्यात काय, तर इंग्रजांनी चीनच्या बादशहाची स्तुती करणारं यंत्र बनवलं.

पण का बनवलं? चीनच्या बादशहाकडे हजारो घड्याळं कशी जमली? आणि या सगळ्या गोष्टीत आपल्या शेजारच्या गोव्याचा, मुंबईचा संबंध कुठे येतो? समजून घेऊ.

आधी वेळ कुणाच्या मालकीची होती?

आज वेळ आपल्या खिशात असते. पण काही शतकांपूर्वी वेळ ऐकायला लागायची.

कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. अंबाबाईच्या देवळाच्या उत्तरेच्या दरवाजाला आजही 'घाटी दरवाजा' म्हणतात. घाटी म्हणजे मोठी घंटा. देवळाच्या आसपास वसलेल्या शिवाजी पेठेसारख्या जुन्या पेठांमध्ये घरोघरी घड्याळ असण्याचा प्रश्नच नव्हता. घंटा, नगारा, देवाची आरती यावरच दिवस चालायचा.

वेळ मोजायची ती घटिकापात्राने. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटिकांचा एक दिवस. लग्नात 'घटिका भरत आली' म्हणतात ते यावरूनच. घटिकेची झाली घडी आणि पुढे आलं घड्याळ.

चीनमध्येही तसंच. बीजिंगमध्ये एक नगारखान्याचा मनोरा आणि एक घंटेचा मनोरा आहे. शहराला वेळ कळायची ती तिथल्या आवाजावरून. तिथे दिवसाचे बारा भाग असायचे, म्हणजे त्यांचा एक तास आपल्या दोन तासांएवढा.

आणि चिनी लोकांना यंत्र माहिती नव्हतं असंही नाही. अकराव्या शतकाच्या शेवटी सू सोंग नावाच्या अधिकाऱ्याने काइफेंग शहरात पाण्यावर चालणारा, काही मजली उंच असा खगोलीय घड्याळाचा मनोरा उभा केला होता. पण ११२७ मध्ये शहर शत्रूच्या हातात गेलं, मनोरा उखडला गेला आणि ती विद्या मागे पडली.

साडेचारशे वर्षांनी चीनमध्ये पुन्हा घड्याळ आलं. ते आलं गोव्यामार्गे.

गोव्याहून निघालेलं घड्याळ

माटेओ रिची हा इटलीचा जेझुइट धर्मगुरू. त्याला चीनमध्ये जाऊन ख्रिस्ती धर्माचा प्रसार करायचा होता. पण त्याआधी १५७८ मध्ये तो पोचला पोर्तुगीजांच्या गोव्यात. पुढची साधारण चार वर्षं त्याने गोवा आणि कोचीनमध्ये काढली.

१५८२ मध्ये तो चीनच्या किनाऱ्यावर मकावला उतरला, तेव्हा सामानात एक घड्याळ होतं. भारतातल्या जेझुइटांच्या प्रमुखाने ते चीनच्या कामासाठी दिलेलं होतं.

तेव्हा परदेशी माणसाला चीनमध्ये राहायची परवानगी नव्हती. पण आपोआप वाजणारी घंटा आल्याची बातमी झाओचिंग शहरातल्या मोठ्या अधिकाऱ्यापर्यंत गेली आणि त्याने जेझुइटांना बोलावून घेतलं. इतर भेटी बाजूला राहिल्या, घड्याळाने दार उघडलं. चिनी लोकांनी या यंत्राला नाव दिलं 'झ्मिंगझोंग', म्हणजे स्वतःच वाजणारी घंटा.

१५८३ मध्ये रिची आणि त्याचा सहकारी मिकेले रुजिएरी झाओचिंगमध्ये राहायला गेले. तिथल्या वांग पान नावाच्या प्रशासकालाही घड्याळ हवं होतं. रुजिएरी पैशाची सोय करायला मकावला गेला, पण तिथे पैसे नव्हते. मग त्याने एक वेगळाच मार्ग काढला. घड्याळ पाठवण्याऐवजी त्याने घड्याळ बनवणारा माणूसच पाठवून दिला.

हा माणूस होता गोव्याचा.

रिचीने स्वतःच्या आठवणींमध्ये त्याचा उल्लेख केलाय. तो गोवा प्रांतातला 'कानारी' होता, असं तो लिहितो. त्या काळात पोर्तुगीज लोक गोव्यातल्या मूळ रहिवाशांना कानारी म्हणायचे. त्याचा रंग सावळा होता आणि चिनी लोकांना त्याचं अप्रूप वाटायचं, हेही रिचीने नोंदवलंय.

वांग पानने त्याच्या मदतीला शहरातले दोन चांगले कारागीर दिले. एक गोव्याचा, दोन चीनचे. एकमेकांची भाषा येण्याची शक्यता कमीच, पण लोखंड आणि कानस दोघांनाही कळत होती. त्यांनी मिळून घड्याळ तयार केलं. चीनच्या भूमीवर बनलेल्या युरोपीय धाटणीच्या अगदी सुरुवातीच्या घड्याळांपैकी हे एक.

पुढे गंमत झाली. वांग पानच्या घरी ते घड्याळ नीट चालवणं कुणालाच जमेना. शेवटी काही महिन्यांनी त्याने ते जेझुइटांकडे परत पाठवून दिलं.

चीनमधल्या घड्याळांची पुढची दोनशे वर्षं या एका घटनेत सापडतात. यंत्र देऊन टाकता येतं, पण त्याला चालतं ठेवणारा माणूस लागतो. आणि ज्याला दुरुस्ती येते, त्याला घरात घ्यावंच लागतं. कोल्हापुरात हे वेगळं सांगायला नको. गाडी कितीही भारी असली तरी बंद पडली की उद्यमनगरातल्या मेस्त्रीकडेच जावं लागतं.

बंद पडलेल्या घड्याळाने राजवाड्याचं दार उघडलं

रिचीने हाच धडा घेतला. जानेवारी १६०१ मध्ये तो बीजिंगला पोचला. वानली बादशहासाठी त्याने आणलेल्या भेटींमध्ये दोन घड्याळं होती. एक मोठं, लोखंडी, वजनावर चालणारं. दुसरं छोटं, सोन्याचा मुलामा दिलेलं, कमानीवर चालणारं.

मोठं घड्याळ बंद पडलं आणि बादशहाने जेझुइटांना बोलावलं. राजवाड्यातल्या चार सेवकांनी तीन दिवसांत घड्याळ चालवायला शिकावं, असा हुकूम निघाला. मोठ्या घड्याळासाठी बागेत खास लाकडी मनोरा बांधला गेला. छोटं घड्याळ बादशहाने स्वतःजवळ ठेवलं.

रिचीने लिहिलेला एक किस्सा तर भन्नाट आहे. बादशहाच्या आईच्या कानावर घड्याळाची गोष्ट गेली आणि तिने ते बघायला मागवलं. आईला आवडलं तर ती ठेवून घेईल, या भीतीने बादशहाने सेवकांना सांगितलं, चावी देऊ नका. आईने बघितलं तर काटे हलेनात, घंटा वाजेना. तिने घड्याळ परत पाठवून दिलं. जगातल्या सर्वात श्रीमंत राज्याचा मालक, पण आईला घड्याळ द्यायची तयारी नाही. विषय हार्ड.

रिचीला या बादशहाची प्रत्यक्ष भेट कधीच मिळाली नाही. त्याला रिकाम्या सिंहासनासमोर नमस्कार करावा लागला. पण घड्याळांच्या देखभालीसाठी वर्षातून चार वेळा राजवाड्यात यायची मुभा मिळाली आणि बीजिंगमध्ये राहता आलं. १६१० मध्ये तो तिथेच वारला.

वेळ बघायला कुणाला हवं होतं?

रिचीनंतर चीनमध्ये राजवंश बदलला. मिंग गेले, चिंग आले. घड्याळाचं वेड मात्र वाढतच गेलं. कांगशी बादशहाच्या काळात राजवाड्यात घड्याळांचं काम बघणारा विभाग आणि कारखाना सुरू झाला. त्याचा नातू चियानलोंग १७३५ मध्ये गादीवर आला आणि त्याने तर कहर केला. त्याच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला दरबारात काम करणारा फ्रेंच जेझुइट घड्याळजी व्हॅलेन्टिन शालिए याने लिहून ठेवलंय, की राजवाड्यात पॅरिस आणि लंडनच्या उत्तम कारागिरांची चार हजारांहून जास्त घड्याळं आहेत.

एका माणसाला वेळ बघायला चार हजार घड्याळं कशाला लागतील?

खरं सांगायचं तर वेळेशी त्याचा फार संबंध नव्हता. पुढे दरबारात आलेला वांताव्हों नावाचा जेझुइट म्हणतो, की त्याला घड्याळजी म्हणून बोलावलं, पण यंत्रकार म्हणायला हवं होतं. कारण बादशहाला घड्याळं नको होती, नवलाची यंत्रं हवी होती. चालणारे सिंह, हलणारी माणसं, गाणारे पक्षी.

म्हणून ही घड्याळं बघताना तबकडी शोधावी लागते. कुठे हत्तीच्या पाठीवर मनोरा, कुठे पॅगोडा, कुठे उमलणारं कमळ, आणि या सगळ्यात कोपऱ्यात छोटीशी तबकडी.

आतमध्ये चालतं कसं?

ताकद येते कमानीतून. चावी दिली की पोलादाची पट्टी गुंडाळली जाते आणि सुटताना चाकं फिरवते. अडचण अशी, की कमान सुरुवातीला जोरात ओढते आणि शेवटी ढिली पडते. त्यामुळे घड्याळ आधी पुढे जाईल, मग मागे पडेल. यावर उपाय म्हणून शंकूच्या आकाराची फिरकी आणि बारीक साखळी वापरायचे. कमानीत जोर असताना साखळी फिरकीच्या बारीक टोकाला ओढते, जोर कमी झाला की जाड भागाला. सायकलच्या गिअरसारखाच हिशोब. परिणामी चाकांना मिळणारी ताकद सारखी राहते.

संगीतासाठी एक नळकांडं असतं. त्यावर बारीक खिळे ठोकलेले. नळकांडं फिरलं की खिळे छोट्या हातोड्या उचलतात आणि हातोड्या घंटांवर पडतात. कुठला खिळा कुठे, यावर कुठलं गाणं वाजणार ते ठरतं.

वाहतं पाणी दाखवायचं असेल तर पीळ दिलेल्या काचेच्या कांड्या गोल फिरवायचे. उजेड पडला की धबधबा कोसळतोय असंच वाटतं.

आणि लिहिणारा बाहुला? त्याच्या आत चकत्या आहेत, पण त्यांची कड गोल नाही, उंचसखल आहे. चकती फिरते तसा तिच्या कडेवर टेकलेला दांडा वर-खाली होतो आणि बाहुल्याचा हात हलतो. आडवी हालचाल, उभी हालचाल आणि ब्रश कागदावर टेकवणं-उचलणं, हे सगळं त्या कडांमध्ये कोरून ठेवलंय. म्हणजे अक्षरं पितळेत साठवलेली आहेत. आजच्या भाषेत सांगायचं तर हा प्रोग्रामच.

लंडनचा कॉक्स, कँटनचा बाजार

इथे पैशाचा विषय येतो.

अठराव्या शतकात इंग्रजांना चहाची चटक लागली. चहा मिळायचा फक्त चीनमध्ये. आणि चीनला इंग्रजांचं फारसं काही नको होतं. चहाच्या बदल्यात चांदी मोजावी लागायची आणि जहाजं भरून चांदी पूर्वेकडे चालली होती.

चीनला आवडेल असं काहीतरी विकायला हवं होतं. अशा मोजक्या वस्तूंपैकी एक म्हणजे ही घड्याळं. कँटन, म्हणजे आजचं ग्वांगझो, या एकाच बंदरात युरोपियन लोकांना व्यापाराची परवानगी होती. तिथे या घड्याळांना 'सिंग-साँग' असं नाव पडलं. बादशहाच्या वाढदिवसाला नजराणे पाठवायचे, तर कँटनचे अधिकारी ही घड्याळं शोधायचे. किंमत बऱ्याचदा चिनी व्यापाऱ्यांच्या गळ्यात मारली जायची आणि त्यात काही जण कर्जात बुडाले.

या बाजाराचा राजा होता लंडनचा जवाहिऱ्या जेम्स कॉक्स. मान वाकवून मासा पकडणारा चांदीचा हंस, जो आज इंग्लंडच्या बोज म्युझियममध्ये आहे, तो त्याच्याच दुकानातला. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात पिसारा फुलवणारा सोनेरी मोर आहे, तोही त्याचाच.

पण कँटनमध्ये माल जास्त झाला, भाव पडले. कॉक्सचे पैसे अडकले. १७७२ मध्ये त्याने लंडनमध्ये तिकीट लावून या यंत्रांचं प्रदर्शन मांडलं. तेही पुरेना, तेव्हा संसदेची परवानगी काढून १७७५ मध्ये लॉटरी काढली आणि वस्तू निकालात काढल्या.

१७८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा मुलगा जॉन हेन्री कॉक्स उरलेली घड्याळं विकायला कँटनला जाऊन बसला. आणि तिथून गोष्ट मुंबईकडे वळते.

घड्याळाची जागा अफूने घेतली

जॉन हेन्री कॉक्सने कँटनमध्ये व्यापारी पेढी सुरू केली. तो गेल्यावर भागीदार बदलत गेले, नावं बदलत गेली आणि १८३२ मध्ये त्याच पेढीचं नाव झालं जार्डिन मॅथेसन. चीनमध्ये अफू विकणाऱ्या सर्वात मोठ्या कंपन्यांपैकी एक.

या कंपनीला मुंबईहून माल पाठवणारे मोठे व्यापारी होते जमशेटजी जीजीभॉय. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट त्यांच्याच नावाचं. विल्यम जार्डिन आणि त्यांची ओळख १८०५ मध्ये जहाजावर झाली होती. कापूस आणि अफू हा त्यांच्या व्यापाराचा कणा होता. मुंबईहून जाणारी ही अफू पिकायची माळव्यात, म्हणजे मुख्यतः शिंदे आणि होळकरांच्या मुलखात.

आता साखळी बघा. इंग्रजांना चहाच्या बदल्यात द्यायला काहीतरी हवं होतं. आधी त्यांनी घड्याळं दिली. पण घड्याळ घेणारे किती? एक बादशहा, त्याचा दरबार आणि त्यांना खूश करू बघणारे अधिकारी. शिवाय एकदा घेतलं की ते वर्षानुवर्षं टिकतं. कापसाचा उपयोग झाला. पण चांदीचा प्रवाह उलटा फिरवला तो अफूने. अफू संपते आणि घेणारा पुन्हा येतो.

१७९३ मध्ये इंग्रज राजाचा वकील मॅकार्टनी दुर्मीळ यंत्रं आणि घड्याळं घेऊन चियानलोंगला भेटला. व्यापाराच्या सवलती मागितल्या. बादशहाने कळवलं, आमच्याकडे सगळं आहे, तुमच्या वस्तूंची आम्हाला गरज नाही. त्याच्या मुलाला, जियाचिंगला, तर अशा वस्तूंचं कौतुकच नव्हतं. सिंग-साँगचा सुवर्णकाळ संपला.

१८३९ मध्ये पहिलं अफूयुद्ध सुरू झालं. दुसऱ्या युद्धाच्या शेवटी, ऑक्टोबर १८६० मध्ये, इंग्रज आणि फ्रेंच सैन्याने बीजिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि इंग्रजांनी तो जाळला. तिथली कित्येक घड्याळं सैनिकांनी उचलून नेली. जे युरोपने विकलं होतं, ते युरोपने लुटून परत नेलं.

आज काय उरलंय?

एवढं होऊनही बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आज हजाराहून जास्त घड्याळं आहेत.

ती चालतात कशी, तर दुरुस्तीची परंपरा तुटली नाही म्हणून. तिथले घड्याळ दुरुस्त करणारे वांग जिन १९७७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी कामाला लागले. २०१६ मध्ये संग्रहालयातल्या कारागिरांवर एक माहितीपट आला आणि शांतपणे चाकं घासत बसणारा हा माणूस चीनच्या इंटरनेटवर स्टार झाला. एकेका घड्याळावर महिनोन्‌महिने काम चालतं. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, ते हातानेच बनवावे लागतात.

आपल्याकडे पुढे घड्याळाने वेगळी वाट धरली. कोल्हापूरचा न्यू पॅलेस मेजर मांट यांच्या आराखड्यावर १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. त्याच्या मधल्या मनोऱ्यावर, लांबून दिसेल असं घड्याळ आहे. बीजिंगच्या बादशहाने घड्याळं भिंतीआड ठेवली आणि शहर नगाऱ्यावरच चालत राहिलं. इथे घड्याळ राजवाड्याचंच, पण तोंड बाहेरच्या जगाकडे.

राहता राहिला गोव्याचा तो कारागीर. रिचीला चीनने विसरलं नाही. शांघायचे घड्याळजी पुढे कित्येक वर्षं त्याला आपल्या धंद्याचा देव मानून पुजायचे. विल्यमसन आणि कॉक्सची नावं घड्याळांसोबत टिकली. वांग पानचं नावही रिचीच्या वहीत आहे. ज्याने झाओचिंगमध्ये बसून हातात कानस घेतली, त्याचा मात्र प्रांत लिहिला, रंगही लिहिला. नाव लिहिलं नाही.

त्याच्यासोबत काम केलेल्या दोन चिनी कारागिरांचीही नावं नाहीत. पण चीनमध्ये अशी घड्याळं बनवण्याची सुरुवात शोधत मागे गेलं, तर ती बादशहाच्या महालात सापडत नाही. ती सापडते या तिघांच्या कामाच्या जागी.